भुकटी, किरण आणि बंधक

यंत्रांचा इतिहास लिहिणारांची एक जुनी खोड आहे. डोळ्यांत भरेल अशा वस्तूच्या मागें ते धांवतात, आणि जिच्यावांचून ती वस्तु निव्वळ शोभेची राहिली असती अशी दुसरी, साधी वस्तु कोपऱ्यांत तशीच पडून राहते. गुटेनबर्गचे सुटे खिळे शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतात. परंतु धातूच्या खिळ्याला धरून राहील अशी तेलाची शाई त्यास मुद्दाम बनवावी लागली, पाण्याची जुनी शाई तेथें उपयोगी पडली नाहीं, ही गोष्ट किती थोड्यांना ठाऊक असते! लेसर किरणानें भुकटीचे थर सांधून घन वस्तु घडविण्याची जी विद्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत उदयास आली, तिच्या इतिहासाचीहि हीच गत झाली आहे. किरणाची कथा सर्वांनीं सांगितली, यंत्राची सांगितली, पेटंटांची व कंपन्यांची तर तिखटमीठ लावून सांगितली. परंतु वाळू, कुरुंद, हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट अशा अधातूंच्या भुकट्या ज्या द्रव्यानें धरून ठेविल्या, त्या बंधकद्रव्याची कथा तज्ज्ञांच्या निबंधांबाहेर फारशी आलेली नाहीं. माझ्या मतें या विद्येंतील खरें अवघड कोडें तेंच होतें, आणि तें अद्यापि पुरतें सुटलेलें नाहीं.

बंधक ही वस्तु आपणांस नवी नव्हे. चाकूसुऱ्यांना धार लावणारा शिकलगार ज्या चाकावर पातें टेकवी, तें चाक आपल्या देशांत पूर्वीं कुरुंदाची पूड आणि लाख यांचें बनवीत असत. लाख तापली म्हणजे मऊ होते, कुरुंदाच्या कणांस वेढून बसते, आणि निवतांच कठीण होऊन त्यांस जागच्या जागीं पकडते. आपल्या आजोबांच्या पिढीनें ज्यांवर नाट्यपदें ऐकलीं त्या ग्रामोफोनच्या तबकड्याहि अशाच. खनिजाची बारीक पूड, आणि तिला धरून ठेवणारी लाख. स्वयंपाकघरांतलें उदाहरण पाहिजे असल्यास राजगिऱ्याच्या लाडवाचें घ्यावें. राजगिरा कितीहि दाबला तरी त्याचा लाडू होत नाहीं. गुळाचा पाक पाहिजे, आणि तोहि नेमका. कच्चा राहिला तर लाडू फुटतो, पुढें गेला तर दांत पडतात.

परंतु या उदाहरणांत आणि आपल्या विषयांत एक मोठा भेद आहे. चाकांतली लाख चाकांतच राहते, लाडवांतला गूळ तर खाण्यासाठींच असतो. लेसरच्या कामांत बंधकाला बहुधा वस्तूंतून निघून जावें लागतें, आणि तेंहि मागें खूण न ठेवतां. या बाबतींत त्याचें नातें मूर्तिकाराच्या मेणाशीं अधिक जवळचें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त मेणाच्या मूर्तीवर मातीचें आवरण द्यावें, मेण वितळवून काढावें आणि त्या पोकळींत धातु ओतावी अशी रीत सांगितली आहे. तेथें मेण गेल्यावर पोकळी उरते व तीच हवी असते. येथें पोकळी उरली कीं काम बिघडलें. मेणापेक्षां या बंधकाचें कर्तव्य कठीण आहे तें एवढ्यासाठीं.

बंधकाची गरज तरी कां पडावी, हें समजण्यासाठीं थोडें पदार्थविज्ञान पाहणें अवश्य आहे. सिंटरिंग म्हणजे भुकटी पुरती न वितळवितां उष्णतेनें सांधणें. कुंभाराच्या आव्यांत याहून फारसें निराळें कांहीं घडत नाहीं. दोन कण एकमेकांस टेकलेले असतां तापविले म्हणजे त्यांच्या स्पर्शस्थानीं एक मान तयार होते, आणि ती हळूहळू जाड होत जाते. राळ, कांच यांसारखे स्फटिकहीन पदार्थ मऊ होऊन वाहूं लागतात, आणि पाण्याचे दोन थेंब एक व्हावे तसे त्यांचे कण पृष्ठताणाच्या जोरावर एक होतात. रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनीं १९४५ सालीं या क्रियेचें गणित मांडलें. तिला क्षण पुरतात. कुरुंदाची, म्हणजे रसायनशास्त्रांतील ॲल्युमिनाची, गोष्ट निराळी. त्याच्या स्फटिकांतील अणूंना एकेक करून जागा बदलावी लागते, आणि त्यासाठीं १६०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टींत तासचे तास घालवावे लागतात. लेसरचा ठिपका एका जागीं रेंगाळतो तो सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता. ज्या कामास तास पाहिजेत तें पापणी लवण्याच्या आंत उरकावयाचें तर कण सरळ वितळविणें एवढाच मार्ग उरतो. पण ॲल्युमिना वितळतो २००० अंशांच्याहि वर, आणि तापलेला ठिपका व भोंवतालची थंड भुकटी यांच्यामधील तफावतीनें नुकताच सांधलेला थर तडकतो. सिलिकॉन कार्बाइड तर साध्या दाबाखालीं वितळतच नाहीं. त्याचें विघटन होतें. म्हणून किरणानें वितळेल असें दुसरेंच कांहीं तरी भुकटींत मिसळून द्यावें, आकार त्याच्याकडून धरवून घ्यावा, आणि खरी भाजणी मागाहून भट्टींत करावी, ही युक्ति पुढें आली.

पण युक्तीच्या आधीं यंत्र आलें. अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेंत कार्ल डेकर्ड नांवाचा विद्यार्थी यंत्र-अभियांत्रिकी शिकत होता. १९८१ च्या उन्हाळ्यांत त्यानें ह्यूस्टन येथें तेलविहिरींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यांत काम केलें, आणि ओतकामासाठीं लागणारे नमुने हातानें घडवितांना किती वेळ व श्रम जातात हें तेथें पाहिलें. नमुना हातानें न घडवितां संगणकांतील आकृतीवरून सरळ उतरवितां आला तर? भुकटीचा पातळ थर पसरावा, त्यावर लेसरनें आकृति रेखावी, जेथें किरण पडेल तेथें भुकटी सांधेल. मग दुसरा थर, मग तिसरा. प्राध्यापक जो बीमन यांनीं त्याला पाठिंबा दिला. पहिल्या यंत्रांत १०० वॅटचा यॅग लेसर होता, त्याचें नियंत्रण कमोडोर ६४ हा घरगुती संगणक करीत असे, आणि भुकटी मीठदाणीसारख्या साधनानें हातानें शिंपडावी लागे! भुकटी होती एबीएस प्लास्टिकची. १९८६ च्या ऑक्टोबरांत पेटंटासाठीं अर्ज झाला, तें १९८९ च्या सप्टेंबरांत मिळालें, आणि या विद्येवर उभ्या राहिलेल्या डीटीएम कंपनीनें १९९२ सालीं आपलें यंत्र बाजारांत आणलें.

अग्रमानाचा वाद येथेंहि आहेच. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पिएर सिरो या फ्रेंच संशोधकानें किरणाच्या साह्यानें भुकटीपासून वस्तु घडविण्याची कल्पना जर्मन पेटंट-अर्जांत मांडली होती; आणि अमेरिकेंतील रॉस हाउसहोल्डर यांना तर डेकर्डच्या पुष्कळ आधीं, १९८१ च्या जानेवारींत, लेसरचाहि उल्लेख असलेलें अशाच स्वरूपाचें पेटंट मिळालें होतें. दोघांचीहि कल्पना व्यवहारांत उतरली नाहीं. कल्पनेचें श्रेय त्यांस आणि विद्येचें डेकर्ड-बीमन यांस, असा न्याय करण्यास मला अडचण वाटत नाहीं. पण हा वाद ज्या आवेशानें घातला जातो त्याचा दहावा हिस्सा आवेश तरी पुढील प्रकरणाच्या वांट्यास यावयास हवा होता.

तत्पूर्वीं किरणाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तिचें एक टोक आपल्या अंगणांत आहे. यॅग लेसरच्या किरणाची तरंगलांबी सुमारें १.०६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित् अधिक. पुष्कळशा राळा व ऑक्साइडें या किरणास दाद देत नाहींत. तो त्यांतून आरपार तरी जातो किंवा विखुरला तरी जातो. कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरचा किरण त्याच्या दसपट लांबीचा, १०.६ मायक्रोमीटरचा, आणि तो मात्र हे पदार्थ उत्तम प्रकारें शोषून घेतात. प्लास्टिकें, वाळू, सिरॅमिक यांच्या कामांत पुढें तोच रूढ झाला. हा वायुलेसर १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिद्ध करणारे चंद्र कुमार नारणभाई पटेल हे १९३८ सालीं बारामतीस जन्मले, आणि १९५८ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवीधर होऊन मग परदेशीं गेले. त्या महाविद्यालयाच्या किती विद्यार्थ्यांना हें ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

आतां मूळ विषय. डीटीएमचें यंत्र बाजारांत येण्यापूर्वींच ऑस्टिनच्या मंडळींनीं प्लास्टिकापलीकडे पाहण्यास आरंभ केला होता. १९९० च्या जुलैंत बुरेल, मार्कस, बार्लो, बीमन व डेकर्ड या पांच जणांना आणखी एक पेटंट मिळालें. त्याचा सारांश एका वाक्यांत सांगतां येईल: भुकटींत एकाहून अधिक पदार्थ असावे, आणि त्यांतील एकाचा वितळण्याचा किंवा मऊ होण्याचा अंश इतरांहून खालीं असावा. किरण खालच्या अंशाच्या पदार्थास वितळवितो, आणि तो वरच्या अंशाच्या पदार्थास बांधतो. पहिल्या पेटंटाइतकेंच हें पेटंट मूलभूत आहे असें मी मानतों. पहिल्यानें लेसरला प्लास्टिकाचें राज्य मिळवून दिलें, तर दुसऱ्यानें जें जें कुटून भुकटी करतां येईल त्या सर्वांचें.

त्याच वर्षीं ऑस्टिनला या विद्येवरील पहिली परिषद भरली, आणि तींत लक्ष्मीनारायण, ऑग्रिड्झियाक व मार्कस यांनीं सिरॅमिकावरील आपले प्रयोग मांडले. त्यांनीं बंधक निवडलें तें राळेचें नव्हे, क्षाराचें. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट, जें खत म्हणूनहि वापरतात, तें १९० अंशांच्या सुमारास वितळतें. अमोनिया व पाण्याची वाफ निघून जाऊन कांचेसारखा चिकट द्रव उरतो, आणि तो ॲल्युमिनाच्या कणांस धरतो. मागाहून भट्टींत तापविलें कीं त्याचा व ॲल्युमिनाचा संयोग होऊन ॲल्युमिनियम फॉस्फेट बनतें. सुमारें ४५० अंशांवर वितळणारें बोरॉन ऑक्साइडहि त्यांनीं वापरून पाहिलें. या योजनेंत बंधक जात नाहीं. तें रूप पालटून घरांतलेंच माणूस होऊन बसतें. कल्पना सुरेख खरी, पण तिचा तोटा उघड आहे: शेवटीं हातीं येतो तो शुद्ध कुरुंद नव्हे, त्याचें मिश्रण.

शुद्ध वस्तु पाहिजे असेल तर बंधक गेलेंच पाहिजे. हा मार्ग धरला तो जोएल बार्लो या रसायन-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनीं व नील व्हेल या त्यांच्या शिष्यानें. या दोघांच्या कामाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण त्यांनीं प्रश्न यंत्राच्या बाजूनें न पाहतां कणाच्या बाजूनें पाहिला. राळेची पूड व सिरॅमिकची पूड नुसती एकत्र कालविली तर राळेचा कण जेथें योगायोगानें असेल तेथेंच सांधा बसतो. शिवाय एक पूड जड, एक हलकी, म्हणून थर पसरतांना त्या वेगळ्या होऊं पाहतात. त्याऐवजीं प्रत्येक कणालाच राळेचें पातळ पांघरूण घातलें तर? मग कोणतेहि दोन कण टेकले तरी राळेशीं राळच टेकते. हें पांघरूण घालण्याची रीत दुधाची भुकटी करण्याच्या रीतीसारखीच आहे. राळेच्या दुधाळ द्रवांत सिरॅमिकची पूड कालवावी, तें कालवण तापलेल्या हवेंत तुषारांच्या रूपानें उडवावें, पाणी उडून जातें आणि खालीं पडतात ते राळ ल्यालेले कण. तितक्याच राळेंत अशा कणांची वस्तु नुसत्या मिश्रणापेक्षां बळकट होते, असें आढळून आलें.

राळेची निवडहि विचारपूर्वक होती. ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रे ज्याचे होतात तें पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट त्यांनीं घेतलें, आणि त्याच्या साखळींत ब्यूटिल मेथॅक्रिलेटचे दुवे घालून तें कमी उष्णतेंत मऊ व्हावें अशी योजना केली. या कुळांतील राळेचा एक दुर्मिळ गुण आहे. बहुतेक राळा तापविल्या कीं करपतात, कोळसा मागें ठेवतात. ही राळ तीनचारशें अंशांवर, दोरा तुटतांच माळेचे मणी ओघळावे तशी, आपल्या मूळ घटकांत सुटत जाते. ते घटक वायुरूपानें निघून जातात आणि मागें जवळजवळ कांहींच उरत नाहीं.

मात्र जाण्याची ही क्रिया सोपी नाहीं. आंतल्या राळेच्या वाफेस बाहेर पडण्याची वाट सांपडेपर्यंत भट्टी घाईनें तापविली तर वस्तु फुगते, तिच्यांत भेगा पडतात. म्हणून तापमान कधीं कधीं मिनिटास एखाद्या अंशानें वाढवावें लागतें. लेसरनें कांहीं तासांत घडविलेली वस्तु भट्टींत एखाददुसरा दिवस सहज काढते. त्यांतहि एक अवघड घटका येतेच: राळ निघून गेली आहे आणि सिरॅमिकची भाजणी अजून सुरू झालेली नाहीं. त्या वेळीं ती वस्तु केवळ कणांच्या परस्परांवरील घर्षणानें उभी असते, आणि जाड भिंतीच्या किंवा लांब हातांच्या वस्तु तेथेंच ढांसळतात. राळ वाढवावी तर आकार सुबक धरतो, पण ती गेल्यावर पोकळी मोठी. कमी करावी तर यंत्रांतून काढतांनाच कडा झडतात. आकारमानानें पांचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक राळ लागते असा सामान्य अनुभव आहे, आणि तेवढीच जागा शेवटीं भरून काढावी लागते.

गंमत अशी कीं, व्यापारांत पहिलें भरघोस यश आलें तें जेथें हा जाण्याचा प्रश्नच सोईचा होता अशा ठिकाणीं, म्हणजे ओतशाळेंत. हँबुर्गच्या योहानेस क्रोनिंग यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४ च्या सुमारास, फिनॉलिक राळेनें बांधलेल्या वाळूचें पातळ कवच तापलेल्या नमुन्यावर धरवून सांचे करण्याची रीत काढली होती. ही राळ म्हणजे बेकलंड यांनीं १९०७ सालीं शोधलेल्या बेकेलाइटचीच बहीण. लेसरवाल्यांना ही राळ ल्यालेली वाळू आयतीच मिळाली; तापलेल्या नमुन्याच्या जागीं त्यांनीं किरण ठेवला, एवढाच काय तो फरक. अमेरिकेंत डीटीएमनें आणि जर्मनींत म्यूनिकजवळच्या ईओएस कंपनीनें १९९० च्या दशकांत या वाळूसाठीं साधनें काढलीं. साच्यांत तप्त धातु ओतली कीं तिच्याच उष्णतेनें राळ जळते, आणि धातु गोठल्यावर सांचा हातानें फोडण्याइतका ठिसूळ होतो. बंधकानें केव्हां धरावें आणि केव्हां सोडावें हें येथें कोणी शिकवावें लागत नाहीं. डेकर्डला जो कारखान्यांतला त्रास डांचला होता तो ओतकामाच्या नमुन्यांचा होता हें ध्यानांत घेतलें, म्हणजे ही विद्या फिरून आपल्या माहेरीं आली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

फिनॉलिक राळेचा जो दोष, कोळसा मागें ठेवण्याचा, त्याचाच ऑस्टिनमध्यें पुढें गुण करून घेण्यांत आला. सिलिकॉन कार्बाइडची भुकटी या राळेनें बांधून वस्तु घडवावी; निर्वात किंवा निष्क्रिय वायूच्या भट्टींत ती तापवावी म्हणजे राळेच्या वजनाचा साधारण अर्धा भाग कोळशाच्या रूपानें कणांमध्यें उरतो; मग १४१४ अंशांवर वितळणारा सिलिकॉन तींत शोषवावा. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा तो चढतो, कोळशाशीं संयोग पावून नवें सिलिकॉन कार्बाइड बनवितो, आणि उरलेल्या जागा स्वतः भरतो. येथें बंधक जातहि नाहीं आणि परकेंहि राहत नाहीं. आकारहि फारसा आक्रसत नाहीं, हा आणखी लाभ. या सर्व कथेंत मला हाच उपाय सर्वांत बुद्धिमान वाटतो.

बार्लो यांच्या प्रयोगशाळेंत गूनही ली यांनीं १९९० च्या दशकांत कॅल्शियम फॉस्फेटच्या भुकटीवर असेंच ॲक्रिलिक पांघरूण घालून हाडाच्या जागीं बसवितां येतील असे तुकडे घडविले, आणि प्राण्यांच्या शरीरांत ते बसवून पाहण्यांत आले. येथें मोठी विलक्षण गोष्ट आहे. राळ गेल्यावर उरणारीं छिद्रें, जीं यंत्रकाराच्या दृष्टीनें वैगुण्य, तींच येथें पाहिजे असतात, कारण त्यांतून नवें हाड आंत वाढतें. परंतु राळेचा अवशेष येथें मुळींच चालणार नाहीं. यंत्राच्या भागांत राहिलेला कोळशाचा ठिपका फार तर ताकद कमी करील. माणसाच्या जबड्यांत राहिलेल्या अवशेषाचा हिशेब कोण देणार? बंधकाच्या रसायनशास्त्राकडे किरकोळ बाब म्हणून पाहणारांनीं हें उदाहरण समोर ठेवावें.

इतकें होऊनहि दाट, निर्दोष कुरुंदाची वस्तु लेसरच्या वाटेनें मिळविणें कठीणच राहिलें. भुकटीचा सैल थर आणि त्यांतून गेलेली राळ यांमुळें भट्टींत जाणाऱ्या वस्तूंत निम्मी किंवा अधिक जागा रिकामीच असते. बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठांत क्रुट, डेकर्स, शहजाद प्रभृतींनीं २०१० नंतरच्या वर्षांत पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, बंधक म्हणून घेतलें. तें उष्ण द्रावणांत विरघळवून, निववून, ॲल्युमिनाच्या कणांसह गोळीच्या रूपानें बाहेर काढलें. आणि लेसरनंतर वस्तु सर्व बाजूंनीं सारख्या दाबाखालीं दाबून मग भाजली. तेव्हां कोठें घनता नव्वद टक्क्यांच्या आसपास गेली. चीनमध्यें वूहान येथील संशोधकांनीं इपॉक्सी राळ घेऊन असाच दाबाचा मार्ग चोखाळला. दरम्यान एमआयटींतील इमॅन्युएल सॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेसरला साफ रजा देऊन, भुकटीवर डिंकासारखा द्रव शाईप्रमाणें बारीक थेंबांनीं टाकण्याची निराळीच पद्धत काढली होती व १९९३ सालीं तिचें पेटंट मिळविलें होतें. तींत किरणच नाहीं. आहे तें सगळें बंधकच.